सिंदखेडराजा ते गाविलगड, मामांच्या बोलेरोतून

दिवाळीच्या सुट्टीत लोक कोकणात जातात नाहीतर गोव्याला, आम्ही वऱ्हाडातल्या वऱ्हाडातच फिरून आलो. गाडीत मामा (गाडी त्यांची, त्यामुळे स्टेअरिंग आणि बडबड दोन्ही त्यांच्याकडे), बहिणीचा पोट्टा जो बारावी झाल्यापासून फक्त मोबाईल करतो, आणि मी. मी शाळेत चित्रकला शिकवते त्यामुळे जुनी इमारत दिसली की मला तिचा इतिहास नंतर सुचतो, आधी कमानीच्या कोपऱ्यात काय कोरलंय तेच बघत बसते. मामांना किल्ले आवडतात, तलवारी आवडतात, आणि कुठेही गेलं की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला, "हे आपलं व्हय का त्यायचं?"

मला या प्रश्नाचा आधी फार राग यायचा. या खेपेला ठरवलं, चिडायचं नाही, जिथे जाऊ तिथे खरंच उत्तर द्यायचा प्रयत्न करायचा. तर हे सगळं त्याचंच वर्णन आहे, जेवणाखाण्याचं कमी आणि दगडांचं जास्त, आधीच सांगून ठेवते.

गुरुवार : सिंदखेडराजा, साखरखेर्डा

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला पाय ठेवायला जागा नसते, पण दिवाळीनंतर गाव एकदम निवांत. राजवाड्याच्या महाद्वारातून आत गेलो, जिजाऊंचा जन्म १५९८ चा, त्या जागेवर मामा चप्पल काढून दोन मिनिटं उभे राहिले, पोट्ट्याने पण मोबाईल खिशात टाकला. मग लखुजीराजांच्या समाधीकडे गेलो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते, लांबून बघितलं तर तुम्हाला वाटेल एखाद्या सुलतानाचा मकबरा आहे. चौकोनी भक्कम इमारत, भिंतीत कमानी, कमानीत कोनाडे, वर घुमट. आत गेलं की समाध्या.

मामांचा प्रश्न आलाच. मी म्हटलं मामा, माणूस आपला, इमारतीची पद्धत त्यांची, बांधणारे बहुतेक दोघांकडचे. ते गप्प झाले पण पटलं नसावं. मला मात्र तिथे बसून एक गोष्ट लय विचित्र वाटत राहिली. लखुजी जाधव अहमदनगरच्या निजामशाहीतले मोठे सरदार, १६२९ मध्ये दौलताबादला दरबारात बोलावून त्यांना मुलांसकट आणि नातवासकट कापून काढलं. म्हणजे ज्या दरबाराने त्यांना मारलं त्याच दरबाराच्या चालीची इमारत त्यांच्यावर उभी आहे, आणि ती बांधताना घरच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कारण तेव्हा मोठ्या माणसाची आठवण मोठी दाखवायची तर ती अशीच दाखवायची असते हे दख्खनमध्ये सगळ्यांना माहीत होतं. भांडण राज्याचं होतं, कमानीशी कोणाचं भांडण नव्हतं.

आणि याच समाधीच्या आवारात २०२४ च्या जून महिन्यात पुरातत्त्ववाल्यांना दुरुस्तीचं काम करताना जमिनीखाली आधी एका शिवमंदिराचा पाया लागला आणि मग सव्वादोन मीटर खाली शेषशायी विष्णूची मूर्ती. पेपरात फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. जवळपास पावणेदोन मीटर लांब, विष्णू शेषावर आडवा, लक्ष्मी पाय चेपतेय, खाली समुद्रमंथन. माझ्यासाठी खरी बातमी पुढची होती, मूर्तीचा दगड आपल्याकडचा काळा बेसाल्ट नाहीच, तो मऊ क्लोराइट शिस्ट आहे, ज्यात तिकडे खाली कर्नाटकात होयसळांचे शिल्पकार काम करायचे. मऊ दगडात बारीक काम जमतं, दागिन्याचा मणीन् मणी काढता येतो, बेसाल्टमध्ये छिन्नी तेवढं ऐकत नाही. म्हणजे एकाच आवारात खाली कर्नाटकी वळणाचा विष्णू, वर निजामशाही वळणाची मराठा समाधी. पोट्टा म्हणाला, "मावशी, इथं तर सगळेच पाहुणे दिसून राहिले." त्याला आईस्क्रीम घेऊन दिलं.

पुतळा बारव आणि मोती तलाव बघितला. तलावाचा बांध बघाच, पाणी अडवण्याच्या भिंतीला सुद्धा कोणीतरी दर्शनी बाजू काढलीये, आज आपण धरणाला कंपाउंड पण धड घालत नाही.

दुपारी साखरखेर्डा. १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्कने मुघल सुभेदार मुबारिज खानाला हरवलं आणि गावाचं नाव फतेहखेडा केलं, हैदराबादचं निजामाचं राज्य खऱ्या अर्थाने या वावरांत सुरू झालं म्हणायला हरकत नाही. गावाने मात्र जुनं नाव काही सोडलं नाही. १५८१ ची मशीद आहे, तिच्याबद्दल परवाच्या, म्हणजे रोहिणखेडच्या दिवसात लिहिते कारण दोन्ही एकाच माणसाच्या. रात्री लोणारला मुक्काम, भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. मामा म्हणाले हे तरी शंभर टक्के आपलं. मिरची पोर्तुगीजांनी आणली हे मी सांगितलं नाही, जेवताना माणसाला त्रास देऊ नये.

शुक्रवार : लोणार आणि बुलडाणा

सरोवर सगळे बघतात, आम्ही पण बघितलं, छान आहे, पुढे. गावातलं दैत्यसूदन मंदिर फार लोक नीट बघत नाहीत. बाहेरून जरा बुटकं वाटतं कारण शिखरच नाही, पण भोवती एक चक्कर मारा आणि भिंत कशी फिरते ते बघा. सरळ जातच नाही, कोन आत, कोन बाहेर, परत आत, म्हणजे नकाशा काढला तर चांदणी निघते. या चांदणीमुळे काय होतं तर दिवसभर कुठल्या ना कुठल्या कोनावर ऊन आणि शेजारी सावली, त्यामुळे मूर्ती आहेत त्यापेक्षा जास्त उठून दिसतात. हे तंत्र कर्नाटकातल्या चालुक्य आणि होयसळ मंदिरांत शिगेला गेलं. लोणार त्या पट्ट्याचं जवळजवळ वरचं टोक.

आतमध्ये अंधार, छताला मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. विष्णूने लवणासुराला मारलं ती गोष्ट, कृष्णाच्या लीला, आणि कमळं, उलटी टांगलेली कमळं. मी मान दुखेपर्यंत वही काढून त्याचं स्केच केलं, पाकळी किती खोल, कड कशी वळवली, मधला गड्डा केवढा. का केलं ते रविवारी कळेल.

इथे माझी एक तक्रार. आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं काहीही दिसलं की पाटीवर एकच शब्द, हेमाडपंती. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, त्याच्या आधीची मंदिरं पण हेमाडपंती आणि नंतरची पण हेमाडपंती, असं कसं चालेल. एका नावाच्या पोत्यात सगळं भरलं की मग कुठली गोष्ट कर्नाटकातून आली, कुठली माळव्यातून आली हे बघायची कोणाला गरजच वाटत नाही.

मामांना इथे प्रश्न पडला नाही, त्यांनी स्वतःच जाहीर केलं, "हे आपलं." मी म्हटलं हो मामा, पण निम्मं कानडी आपलं. "मंग कानडी का परके हायेत का? विठोबा कुठला हाय?" या उत्तरावर मी हरले, खरं सांगते.

मेहकर, चिखली करत संध्याकाळी बुलडाण्यात नातेवाइकांकडे. इथून अजिंठा जवळ, पण ते विदर्भात नाही म्हणून या ट्रिपला बाद (मामांचा नियम). तरी रात्री गच्चीवर विषय निघालाच, की अजिंठ्याची १६ नंबरची लेणी वराहदेवाने कोरवून घेतली आणि तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. म्हणजे पैसा आणि हुकूम वऱ्हाडातून गेला. आणि त्या चित्रांमधला जो गडद निळा आहे ना, तो लॅपिसचा, तो दगड अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीतून निघायचा. हिरवा, पिवळा, तांबडा इथल्याच मातीत मिळाला, निळा मिळत नव्हता म्हणून तेवढ्यासाठी कुठून कुठे माल आला. पहिल्या लेणीत छताला टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी लोक पेला घेऊन बसलेले आहेत ते पण याच काळातलं. मी वर्गात हे सांगते तेव्हा पोरं एकच विचारतात, मॅडम तो निळा किती रुपये तोळा होता.

शनिवार : रोहिणखेड, बाळापूर

बुलडाण्याहून घाट उतरून मोताळ्याकडे, दोन्ही बाजूला कापूस फुटलेला, बायका वेचणीला, मामांची नजर रस्त्यावर कमी आणि बोंडांवर जास्त. रोहिणखेड आज लहानसं गाव. पण खानदेशातून वऱ्हाडात चढायचा रस्ता इथून, त्यामुळे ज्याला वऱ्हाड पाहिजे तो इथे येऊन लढायचा.

इथली मशीद १५८२ ची, खुदावंद खानाने बांधलेली, साखरखेर्ड्याची त्याच्या एक वर्ष आधीची. हा खुदावंद खान अहमदनगरच्या निजामशाहीतला सरदार, वऱ्हाडात त्याची जहागीर. त्याचे वडील इराणातल्या मशहदचे. आता बघा, १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही निजामशाहीने गिळली, आणि आठेक वर्षांत एका इराणी बापाचा पोरगा आपल्या खेड्यात मशीद उभी करतोय. पुढे हा माणूस अकबराच्या दरबारात गेला आणि अबुल फजलच्या बहिणीशी त्याचं लग्न झालं. मशहद, अहमदनगर, रोहिणखेड, अकबराचा दरबार. आपल्या गावचा माणूस पुण्याला नोकरीला गेला तरी आपण चार दिवस बोलतो.

मशीद फार मोठी नाही पण प्रमाण सुंदर आहे. छज्ज्याखालचे दगडी तोडे, म्हणजे छज्ज्याला आधार देणारे पुढे आलेले दगड, जरूर बघा. इराणमध्ये वीट आणि रंगीत फरशी, तिथे असला दगडी तोडा नसतो, तो आपल्या देवळांतून आलेला, लाकडाच्या कामाची आठवण ठेवून दगडात केलेला. आणि कमान तिकडून आलेली. आपल्याकडे आधी दार काढायचं तर दोन खांब आणि वर आडवी तुळई, तेवढीच पद्धत, कारण एवढ्या मोठ्या प्रमाणावर कमानीचा भार पेलायचं गणित कोणी वापरत नव्हतं. त्या एका गणिताने खांबांचं जंगल कमी झालं आणि आत मोकळी जागा आली. नमाजाला रांगा धरायला मोकळी जागा लागतेच. मग आपल्या वाड्यांना, बारवांना, देवळांच्या ओवऱ्यांना तीच कमान गेली, आणि आज गावातल्या कुठल्याही देवळाची पत्रिका छापली तरी बॉर्डरला कमानच असते.

एक म्हातारे बाबा ओट्यावर बसले होते, त्यांनी मला वहीत काढताना बघून विचारलं, सर्वेवाले व्हय का. नाही म्हटल्यावर जरा निराश झाले, बहुतेक छत गळतं असं सांगायचं होतं, आणि मग सांगितलंच.

दुपारी खामगाववरून बाळापूर. किल्ला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर, विटांचा, तटाच्या आत तट, दारातून दार. काम औरंगजेबाचा मुलगा आझमशहाच्या नावाशी जोडतात, पुरं केलं अचलपूरच्या नवाब इस्माईल खानाने १७५७ ला. पायथ्याला बाळादेवीचं देऊळ, गावाचं नाव तिच्यावरून.

पण मला बघायची होती ती नदीकाठची छत्री. मिर्झाराजे जयसिंगांची छत्री म्हणून ओळखली जाते, तेच जयसिंग, १६६५ चा पुरंदरचा तह. काळ्या दगडाचे खांब, खांबांवर कमानी, वर घुमट्या, थेट राजस्थान उचलून मन नदीवर ठेवल्यासारखं. मामा लगेच, "हे कोनाचं?" आता इथे उत्तर द्यायला मला चहा लागला. कारण मेलेल्या राजाच्या जागेवर घुमटाची इमारत बांधायची चाल राजपुतांनी सुलतानांच्या मकबऱ्यांवरून घेतली, आपल्यात चितेनंतर इमारत कुठे होती. आणि खांबावर छोटा घुमट ठेवायचा हा जो प्रकार आहे तो मुघलांना एवढा आवडला की त्यांनी तो प्रत्येक महालाच्या गच्चीवर नेऊन बसवला. म्हणजे उसनवारी एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे, आणि ती उसनवारी शेवटी येऊन पडली वऱ्हाडातल्या नदीवर, कछवाहा राजाच्या नावाने, जो मुघलांतर्फे मराठ्यांशी लढायला आला होता. मामा म्हणाले, "म्हनजे याचा सातबारा निघत नाही." बरोबर. फेरफारच फेरफार आहेत.

रात्री अकोटला. शेव-टमाटर, गरम पोळ्या, झोप.

रविवार : नरनाळा

ज्याच्यासाठी सगळा घाट घातला तो दिवस. अकोटहून पोपटखेड, शहानूर, गेटवर नोंद आणि पुढे जंगल, कारण किल्ला अभयारण्यात आहे. सकाळी थंडी होती, सागाची पानं एवढाली झालेली, रस्त्यात दोन सांबरं.

महाकाली दरवाजा समोर आला आणि मी दहा मिनिटं काहीच बोलले नाही असं पोट्टा म्हणतो. सगळीकडे काळा दगड बघून बघून डोळे सवयीचे झालेले आणि मधेच हा पांढरट वालुकाश्म. मधे उंच कमान, दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे, सज्ज्यांना दगडी जाळ्या आणि जाळ्यांचे नमुने वेगवेगळे, एक षटकोनाचा, एक चांदण्यांचा, असे. वर अरबी अक्षरांची पट्टी. आणि कमानीच्या खांद्यांवर, बाजूला, जागा मिळेल तिथे कमळं.

लोणारची वही काढली. तिकडचं कमळ छताला उलटं लटकलेलं, पाकळ्या खोल, जिवंत, मधला गड्डा फुगीर. इकडचं चपटं, गोलात काटेकोर बसवलेलं, परकार आधी आणि छिन्नी नंतर. पण फूल तेच. ज्या हाताला किंवा त्याच्या आज्याच्या हाताला देवळाचं कमळ काढायची सवय होती त्याला कोणीतरी सांगितलं असणार की बाबा इथे माणूस नको, जनावर नको, अक्षर आणि नक्षी पाहिजे, आणि त्याने म्हटलं असणार की फूल चालेल ना. हा माझा अंदाज आहे, लेखी पुरावा नाही, पण अशी तीस-चाळीस वर्षं चित्रं काढली की हाताची ओळख पटते. जाळीतली भूमिती मात्र वेगळ्या शाळेतली, ती इराण आणि मध्य आशियातून आलेली, बहमनी काळात बिदरला तिकडून माणसंच्या माणसं येत होती. अहमदशहा बहमनीने इराणातल्या शाह निअमतुल्लांच्या घराण्यातले लोक बोलावून घेतले, महमूद गावान स्वतः गिलानचा, त्याने बिदरला १४७२ चा मदरसा बांधला तो पण इराणी धाटणीचा, रंगीत फरशांचा.

शिलालेख सांगतो की दरवाजा १४८७ चा, शिहाबुद्दीन महमूदशहा बहमनीच्या राज्यात, आणि त्यात राजाच्या पाच पिढ्या मोजल्यात. बांधणारा फतेहुल्ला इमाद-उल-मुल्क. सरकारी कोनशिलेवर मंत्र्याचं नाव मोठं आणि खाली इंजिनिअरचं असतं तशातला प्रकार, फक्त इथे खालच्या माणसाने तीनेक वर्षांत, १४९० ला, स्वतःचंच राज्य काढलं. तीच वऱ्हाडची इमादशाही.

आणि हा फतेहुल्ला कोण, तर फरिश्ता नावाचा इतिहासकार लिहून ठेवतो की तो विजयनगरकडचा कानडी हिंदू पोरगा, लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या हाताखाली तयार झाला आणि शेवटी वऱ्हाडचा सुलतान. मी हे मामांना तिथेच दरवाज्यात सांगितलं. ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "मंग हा मानूस आपला व्हय का त्यायचा?" पहिल्यांदा त्यांनी इमारत सोडून माणसाबद्दल विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोट्टा म्हणाला, "वऱ्हाडी." मामांनी त्याच्या पाठीत थाप मारली.

बाकी किल्ला प्रचंड आहे, नरनाळा मधे, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. राणीमहाल, त्याच्या शेजारी मशीद, शक्कर तलाव, नऊगजी तोफ, दगडी छताखाली झाकलेली पाण्याची टाकी. सगळं बघायला दिवस पुरत नाही, गाईड घ्या आणि पाणी घेऊन जा. आम्ही उतरताना सीताफळं घेतली.

सोमवार : अचलपूर

अकोटहून अंजनगाव सुर्जीवरून. अंजनगावला पानमळे आहेत आणि १८०३ च्या डिसेंबरात शिंद्यांनी इंग्रजांशी इथेच तह केला, त्याच्या दोन आठवडे आधी गाविलगड पडला होता. तिथून पुढचा सगळा इतिहास आपल्याला बंगले, चर्च आणि रेल्वे स्टेशनच्या रूपात माहीत आहे, तो विषय वेगळा.

अचलपूर इमादशाहीची राजधानी, पण राजधानीचं म्हणून आता फार कमी उरलंय. गावाबाहेर हौज कटोरा बघा. गोल हौद, मधोमध अष्टकोनी मनोरा, मजल्यावर मजला, सगळ्या बाजूंनी कमानी. उन्हाळ्यात पाण्याच्या मधे हवेत बसायची सोय. ही कल्पना कोरड्या देशातली, जिथे पाणी हीच चैन असते, आणि वऱ्हाडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला ती लगेच पटावी यात नवल काय. आम्ही गेलो तेव्हा आजूबाजूला गवत, दोन शेळ्या, आणि कोणीतरी कमानीवर आपलं आणि आपल्या तिचं नाव बदाम काढून लिहिलेलं. बदामाचा आकार चांगला जमला होता, मी मार्क देणारी बाई आहे, दिसतंच.

शाह दुल्हा रहमान गाझींच्या दर्ग्यावर गेलो. मामा बाहेर थांबतील असं वाटलं होतं तर तेच पुढे, नारळ घेऊन. म्हणे त्यांची आजी नवसाला यायची. मी काही विचारलं नाही.

मुक्काम परतवाड्याला. संत्री अजून थोडी आंबट.

मंगळवार : गाविलगड

सकाळी घाट चढताना धुकं होतं. चिखलदऱ्याच्या अलीकडे एका कोरकू वाडीजवळ गाडी थांबवली, तिथे सागवानी लाकडाचे कोरीव खांब होते, मेलेल्या माणसाच्या आठवणीचे. त्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावरचा माणूस. कोरकू भाषा मराठीशी नात्यातलीच नाही, ती मुंडा कुळातली, तिचे दूरचे नातेवाईक संथाळी आणि पार तिकडे कंबोडियातली ख्मेर. पण खांबावरचा चंद्र-सूर्य तोच, जो आपल्याकडच्या वीरगळावर असतो. आणि घोडा? मेळघाटच्या या चढावर कोण घोडे पाळत होतं. तो खाली मैदानात, फौजांमध्ये पाहिलेला घोडा असणार, इथे लाकडात आला. आम्ही लांबूनच बघितलं, फोटो काढले नाहीत, ज्यांच्या घरची आठवण त्यांना विचारायला कोणी दिसलं नाही.

गाविलगड अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास बांधवला, तो तेव्हा अचलपूरला तळ देऊन होता, मग फतेहुल्लाने १४८८ च्या आसपास पुन्हा दुरुस्त केला. आतली मोठी मशीद, तलाव, बुरूज, सगळं झाडीत बुडालेलं. चालत चालत दिल्ली दरवाज्याशी आलो.

दरवाज्यावर कोरलंय ते असं : एक पक्षी, धड एक, डोकी दोन, दोन्हीकडे तोंड करून, आणि चोचीत आणि पंजांत हत्ती. हत्ती एवढेएवढे, उंदरासारखे. शेजारी सिंह, ते पण हत्ती दाबून.

पोट्टा एकदम ओरडला, "मावशी, हे तं रशियाच्या फुटबॉल जर्सीवर हाय!"

आणि बरोबर आहे त्याचं. रशियाच्या राजचिन्हात दोन डोक्यांचा गरुड आहे, तो त्यांनी बायझंटाइन साम्राज्याकडून घेतला. त्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकात, तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांनी याझिलिकायाच्या खडकावर दोन डोक्यांचा गरुड कोरला. मग तक्षशिलेजवळ सिरकपला एका स्तूपाच्या चौथऱ्यावर तो बसलाय, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, तिथे ग्रीक खांब आणि भारतीय तोरण शेजारी शेजारी आहेत आणि तोरणावर हा पक्षी. आणि दक्षिणेत त्याचं नाव गंडभेरुंड, विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो आहे, चोचीत आणि पंजात हत्ती धरलेला, आजही कर्नाटक सरकारच्या चिन्हात आहे, एसटीने बेळगावला गेलात तर त्यांच्या बसवर दिसेल.

आता तो वऱ्हाडातल्या सुलतानी किल्ल्यावर काय करतोय? जुने अभ्यासक म्हणतात, फतेहुल्ला विजयनगरचा, म्हणून त्याने आपल्या मूळ मुलुखाचं चिन्ह इथे लावलं. मला हे ऐकायला फार आवडतं, पकडून नेलेला पोरगा म्हातारपणी आपल्या डोंगरावर घरचा पक्षी बसवतो. पण मन पूर्ण मानत नाही. पक्षी कोरायला फक्त मालकाची इच्छा पुरत नाही, तो काढता येणारा हात लागतो, आणि दख्खनच्या किल्ल्यांवर हत्ती दाबणारे सिंह ढिगाने आहेत, ज्यांचे मालक काही विजयनगरचे नव्हते. म्हणजे पाथरवट लोक फिरत होते, आज या राजाकडे, उद्या त्या, आणि आपली चित्रं बरोबर नेत होते. माझ्या मते दोन्ही झालं असावं, मालकाला ओळखीचं दिसलं आणि कारागिराला येत होतं. ज्या धर्मात जिवंत प्राण्याचं चित्र टाळतात तिथल्या सुलतानाने दारावरच प्राणी बसवले, आणि आतल्या मशिदीत एकही नाही. कुठे काय चालतं हे त्यांना नीट कळत होतं.

पोट्टा मोबाईलवर झूम करून डोकी मोजत होता. मामांना सिंहात जास्त इंटरेस्ट. म्हणाले, चंद्रपूरच्या वेशींवर गोंड राजांचा असाच सिंह आहे हत्तीवर चढलेला, त्यांनी पाहिलाय, लग्नाला गेले होते तेव्हा. मग गाडीत बसल्यावर खालपर्यंत वाद, की गोंडांनी इकडून घेतला का इकडच्यांनी गोंडांकडून, का दोघांनी तिसऱ्याकडून. मामांचं मत अर्थातच गोंडांकडून, कारण राजा जंगलचा आणि सिंह पण जंगलचा. मी म्हटलं चंद्रपुरात सिंह कुठून आले, वाघ आहेत. त्यावर ते म्हणाले, "मंग कोरनाऱ्यानं वाघ काहून नाही कोरला?"

हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर शोधायला चंद्रपूरला जावं लागणार. तुरीला बरा भाव मिळाला तर शिमग्याला जाऊ, डिझेल मामांचं.